‘चार माळे, एक जिना’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला आमच्या गावच्या वाचनालयात मी माझ्या कादंबरीचा एक भाग वाचून दाखवते. गाव वर्धा जिल्ह्यातलं, आर्वीच्या अंगाचं. कादंबरी मात्र नागपुरातल्या एका बिल्डिंगची. हे सुरू होऊन दोन वर्षं झाली. ऐकायला येणारे आणि छापील भाग घरी नेऊन वाचणारे, दोघांचे प्रश्न साधारण सारखेच असतात, म्हणून ते एका ठिकाणी लिहून काढले आहेत. काही प्रश्न विचारणाऱ्याच्याच बोलीत ठेवले. ते तसेच नेमके वाटतात.

नेमकी गोष्ट काय आहे?

नागपूरच्या दक्षिणेकडची एक वस्ती, तिथली तीसेक वर्षांपूर्वी बांधलेली चार माळ्यांची इमारत. लिफ्ट नाही. माळ्यावर तीन असे बारा फ्लॅट, खाली पार्किंग आणि पार्किंगच्या कोपऱ्यात चौकीदाराची खोली. पहिल्या माळ्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहतात. जिन्यात सूचना लिहून चिकटवल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. दुसऱ्यावर रात्रपाळी करणारी नर्स, आणि बरोबर तिच्या डोक्यावर ढोल शिकणारा पोट्टा. चौथ्यावर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी गडचिरोली-चंद्रपूरकडची चार पोरं, चौघांत मिळून एक कढई. आणि ३०२ मध्ये लेकाकडे राहायला आलेली आजी, आपल्याच भागातली. ती पिशव्या घेऊन जिना चढते तिथून पहिला भाग सुरू होतो.

खून नाही, दरोडा नाही, इस्टेटीचा दावा नाही. टाकीतलं पाणी, कुणाची गाडी कुठे लावली, कुणाच्या घरातून कशाच्या फोडणीचा वास आला, एवढ्यावर आतापर्यंत सत्तरच्या वर भाग झाले.

हे बिल्डिंग खरीच हाये का?

नाही. मी नागपुरात अकरा वर्षं फ्लॅटमध्ये राहिले, तीन वेगवेगळ्या इमारतींत. जिना एकीचा घेतला, गच्ची दुसरीची, आवाज सगळ्यांचे. माणसं मात्र कुणा एकावरून घेतलेली नाहीत.

गावात बसून नागपूरच्या बिल्डिंगची गोष्ट काहून?

हा प्रश्न मला पहिल्याच शनिवारी एका बाबाजींनी विचारला, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

आमच्या गावात असं घर सापडणं कठीण, की ज्या घरचं कुणीच नागपूर, अमरावती नाहीतर पुण्याला फ्लॅटमध्ये राहत नाही. मुलं शिकायला गेली, तिकडेच नोकरीला लागली, हप्त्यावर दोन खोल्या घेतल्या. मग आई-बाबांना ‘या राहायला’ म्हणून बोलावतात. आई जाते. पंधराव्या दिवशी परत येते. गावात विचारलं तर म्हणते, "तिथं सारं हाये, पण दरवाजे बंद असतात वं." आणि तिकडे मुलगा सांगतो, "आईचं मन लागत नाही." दोघंही खरं बोलतात, पण एकमेकांना नीट समजावून सांगत नाहीत.

मला त्या बंद दरवाज्यांच्या आतलं या बाजूच्या लोकांना सांगायचं होतं. आत बसलेली सूनही कुठल्यातरी गावाहूनच आली आहे. समोरचा दरवाजा वाजवायला तिलाही संकोच वाटतो. नागपूरच्या त्या बारा फ्लॅटांत नऊ घरं खेड्यातून आलेली आहेत हे मी मुद्दाम ठेवलं. बिल्डिंग म्हणजे उभं केलेलं गावच आहे, फक्त अंगण जिन्यात गेलं. तेव्हा ही गोष्ट आमच्या गावाचीही आहे, आणि तिचे पहिले ऐकणारे इथलेच असावेत असं मला वाटलं.

दुसरं कारण लेखनाचं. मराठीत शेजाऱ्यांवरचं हलकंफुलकं लेखन म्हटलं की मुंबईची चाळ किंवा पुण्याचा वाडा डोळ्यांपुढे येतो. ते मी आवडीनं वाचलं आहे. पण त्यात कूलर नाही, तर्री-पोहे नाहीत, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन जिन्यानं खाली-वर करणारी मुलं नाहीत. नागपूरची बिल्डिंग कुणीतरी लिहायला हवी होती.

कुणालेच आडनाव नाही, असं कसं?

बिल्डिंगमध्ये माणसं एकमेकांना ‘दोनशे एकवाले’, ‘वरचे’, ‘समोरची ताई’ असंच म्हणतात. दहा वर्षं शेजारी राहून आडनाव पत्रपेटीवर वाचलेलं असतं, तोंडी कधी आलेलं नसतं. गावात याच्या उलट. आडनाव, घराणं, मामाचं गाव, सारं आधी माहीत. मला ऐकणाऱ्यांनी माणूस आधी ओळखावा असं वाटत होतं. आपल्याकडे आडनाव कळलं की अर्धा निकाल तिथेच लागतो. आता आमच्या गावात ‘पोस्टमास्तर असं करतील का?’ यावर वाद होतो तो त्यांच्या स्वभावावरून. ते कुणाचे कोण, हे कुणी विचारत नाही. त्याचा मला फार आनंद आहे.

कूलरच्या पाण्यावरून भांडण सहा भाग चाललं. इतकं काय होतं त्यात?

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी आधी कूलर सांगते. लोखंडी पेटी, तीन बाजूंना गवताच्या नाहीतर वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याचं टब, छोटा पंप ते पाणी वर चढवून ताट्यांवर सोडतो आणि मोठा पंखा त्यातून हवा ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता घेतली जाते, म्हणून हवा गार येते. हे जमतं ते हवा कोरडी असते म्हणून. मुंबईच्या दमट हवेत हाच कूलर घाम वाढवील. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, आणि खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर नाही असं घर विरळा.

आता एकावर एक बारा कूलर लावा. टब भरायला लावलेला पाइप कुणीतरी विसरणारच. पाणी खालच्याच्या खिडकीवर, तिथल्या वाळवणावर, तिथल्या इस्त्रीच्या कपड्यांवर. ४०२ च्या पोरांचा पाइप राहिला आणि ३०२ च्या आजीनं गॅलरीत घातलेल्या खारोड्या भिजल्या, इथून ते भांडण सुरू झालं. पण मला त्यात खारोड्यांपेक्षा पाण्याचं मोल दाखवायचं होतं. आजी ज्या गावाहून आली तिथं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तिला भिजलेल्या खारोड्यांचं दुःख नव्हतं, ‘पाणी वाहून रायलं आणि कोणाले काही वाटून नाही रायलं’ याचं होतं. हे कळायला पोरांना सहा भाग लागले. मग त्यांनी गच्चीवर पडलेलं जुनं गंजकं टब घासून-पुसून आजीला दिलं, आणि तिनं त्यात माती भरून सांबार पेरला. (बाहेरच्यांसाठी : आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) तो भाग वाचला त्या रात्री बायका बराच वेळ उठल्या नाहीत.

बिल्डिंगीचा सरपंच कोण राह्यते?

अध्यक्ष आणि सचिव. महाराष्ट्रात इमारतीचा कारभार मुख्यतः दोन तऱ्हांनी चालतो. एक, १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली गृहनिर्माण सोसायटी. यात इमारत आणि जमीन संस्थेची, सभासदाकडे भाग (शेअर) आणि राहण्याचा हक्क. दोन, १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा. यात फ्लॅट ज्याचा त्याच्या मालकीचा, आणि जिना, गच्ची, जमीन यांत प्रत्येकाचा ठरलेला अविभक्त हिस्सा. आमची बिल्डिंग मी सोसायटी धरली, कारण मला वार्षिक सभा हवी होती. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत ती घ्यावी लागते. कादंबरीत ती दर वर्षी २९ तारखेला होते.

गावातल्या लोकांना हे समजावताना मी ग्रामसभेचा दाखला देते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला आपण जे बोलतो, तेच तिथं बोलतात : पाणी, दिवे, सफाई, वर्गणी कुणाची थकली. आमच्या माजी सरपंचबाई सभेचा भाग ऐकून म्हणाल्या, "कोरमसाठी माणसं गोळा करणं सारखंच हाये तं!" पुढच्या सभेचं वर्णन लिहिताना मी त्यांच्याकडून बरंच शिकून घेतलं.

चौथ्या माळ्यावरची पोरं दिवाळीनंतर गायब काहून होतात?

झाडीपट्टीतली नाटकं सुरू होतात म्हणून. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पूर्वेकडच्या पट्ट्यात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटक चालतं. देसाईगंज-वडसा हे त्या नाटक कंपन्यांचं ठाणं. नाटकाच्या निमित्तानं पाहुणे येतात, मुलगी दाखवतात, सोयरिकीही जुळतात. त्या भागातलं पोर कितीही अभ्यासात असलं तरी आपल्या गावच्या नाटकाला हजर राहतं. आमच्या पश्चिमेकडच्या श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांना हे ठाऊक नव्हतं. विदर्भातल्या विदर्भात इतकं अंतर असेल तर कादंबरीनं ते थोडं कमी करावं, म्हणून त्या चार पोरांपैकी एकाला मी नाटकातला पडदा ओढणाऱ्याचा मुलगा केलं.

असं हप्त्याहप्त्यानं कादंबरी सांगणं याआधी कुणी केलंय का?

भरपूर. इंग्लंडात चार्ल्स डिकन्सची पहिली कादंबरी १८३६ पासून महिन्याला एक अशा भागांनी निघाली. मराठीत हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी वाचकांना त्यातून क्रमशः मिळाली. एका इमारतीतल्या शेजाऱ्यांची क्रमशः गोष्टही नवी नाही. सॅन फ्रान्सिस्कोत आर्मिस्टेड मोपिन यांनी १९७६ पासून तिथल्या दैनिकात ती चालवली. स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरात अलेक्झांडर मॅक्कॉल स्मिथ यांनी २००४ मध्ये ‘द स्कॉट्समन’ या दैनिकात ‘४४ स्कॉटलंड स्ट्रीट’ रोज एक प्रकरण याप्रमाणे सुरू केली. रस्ता तिथं खरा आहे, ४४ नंबरची इमारत नाही. हे कळल्यावर मला धीर आला, कारण माझीही वस्ती खरी आणि बिल्डिंग मनातली.

पण आमच्या गावाला ही रीत परक्यांकडून शिकावी लागली नाही. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते, रोज एक अध्याय. श्रीधरस्वामींच्या हरिविजयाचे छत्तीस अध्याय ऐकता ऐकता महिना सरतो. एकजण वाचतो, एकजण अर्थ सांगतो, आणि अध्याय संपला की ‘उद्या काय होते पाहू’ म्हणत सारे उठतात. माझ्या आजोबांचं पोथीवाचन ऐकत मी वाढले. कुठे थांबायचं, ऐकणाऱ्याकडे कधी पाहायचं, हे मी तिथंच शिकले. वाचनाची वेळ साडेसात ठेवली तीही पोथीचीच.

एक भाग केवढा असतो? आणि तो दरवेळी जिन्यातच काहून संपतो?

साधारण नऊशे शब्द. सावकाश वाचले तर नऊ-दहा मिनिटं. त्याहून लांबला की मागच्या ओळीतली मुलं चुळबुळ करतात आणि पुढच्या ओळीतल्या आज्या पेंगतात. दिवसभर रानात राबून आलेल्या माणसाचं लक्ष मागायचं तर मोजून मागावं.

जिन्यात संपवण्याचं कारण असं की घरात माणूस एकटा असतो, गच्चीवर सगळे असतात, पण जिन्यात नेमके दोघे भेटतात. एक चढतो, एक उतरतो, कुणीतरी बाजूला व्हावं लागतं. तेवढ्या क्षणात काय बोलतील, हे मी पुढच्या शनिवारवर ठेवते. मोठं रहस्य लागतच नाही. नर्सताईनं ढोलवाल्या पोराला जिन्यात थांबवून ‘ऐक’ म्हटलं, आणि मी वही मिटली. आठवडाभर मला पिठाच्या गिरणीवर, बसथांब्यावर, सगळीकडे विचारत होते, ती रागावली का?

(नव्हती रागावली. तिला ताल चुकतो तिथं सांगायचं होतं. तिचे वडील भजनात खंजिरी वाजवत.)

वऱ्हाडी बोलणारे सगळे शहाणे आणि शुद्ध बोलणारे आखडू, असं तर नाही ना?

नाही. पोस्टमास्तर प्रमाण मराठीत बोलतात आणि बिल्डिंगमधले सर्वांत हळवे तेच आहेत. पण प्रश्न कुठून येतो ते समजते. नाटकात, मालिकांत वऱ्हाडी पात्र आलं की ते हसण्यापुरतंच असतं. नोकर, गावंढळ पाहुणा, नाहीतर घाबरट हवालदार. त्याचा मला लहानपणापासून त्रास होतो. आमच्या बोलीत प्रेमही करतात, हिशेबही मांडतात, मयतीला समजूतही घालतात. म्हणून आजी सभेत पाण्याचा हिशेब मांडते तो वऱ्हाडीत, आणि तिथं विनोदाची एकही ओळ मी ठेवली नाही. बोली वर्ध्याची आहे. अकोला-बुलढाण्याकडे थोडी वेगळी वाटेल, भंडाऱ्याकडे आणखी वेगळी.

भुलाबाईचे भाग पुन्हा वाचाल का?

वाचू, भाद्रपदाच्या पुनवेला. भुलाबाई हा आमच्याकडचा पोरींचा सण. ती बसते ती कोजागिरीपर्यंत, पूर्ण महिना. रोज पोरी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात आणि प्रत्येक घरी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. डबा हलवून आवाज ऐकायचा, वासावरून अंदाज बांधायचा. ओळखला नाही तर आणखी एक गाणं.

मला कितीतरी दिवस बारा दरवाजे उघडायला कारण सापडत नव्हतं. दिवाळीचा फराळ डब्यातून येतो आणि दारातूनच परत जातो. गणपती खाली पार्किंगमध्ये बसतो. भुलाबाई मात्र घरात आल्याशिवाय होत नाही, आणि महिनाभर येत राहते. आजीनं मातीचे भुलाबाई-भुलोजी ३०२ मध्ये मांडले. पहिल्या दिवशी दोन पोरी आल्या, नवव्या दिवशी चौदा, त्यात तीन पोट्टे. जे घर कधीच कुणाला आत घेत नसे, त्या १०३ च्या बाईंनी डब्यात काय ठेवलं ते कुणालाच ओळखता आलं नाही. पुडाच्या वड्या होत्या. ‘सकाळपासून करून रायली होती’ असं त्यांच्या नवऱ्यानं सांगितलं, आणि सगळ्यांना पहिल्यांदा कळलं की त्या नागपूरच्या नाहीत, पुलगावच्या आहेत.

या भागांतली गाण्यांची माहिती गावातल्या चार आज्यांनी मला दिली. गाणी मी कागदावर उतरवली नाहीत. वाचनाच्या वेळी त्याच म्हणतात.

चूक सापडली तर कुणाला सांगायची?

मलाच, आणि तिथल्या तिथे. सातवीतल्या एका मुलीनं उभं राहून सांगितलं होतं की ताई, ३०१ चं दार सोळाव्या भागात उजवीकडे उघडत होतं, आता डावीकडे उघडून राहिलं. ती बरोबर होती. पुढच्या शनिवारी मी वाचनाआधी दुरुस्ती सांगितली. तेव्हापासून बिल्डिंगचा नकाशा वाचनालयाच्या भिंतीवर लावला आहे : कोणता फ्लॅट, कोणती दिशा, कोणाच्या खिडकीखाली कोणाची गाडी. तो नकाशा तीच सांभाळते.

मध्येच वाचन बंद काहून ठेवता?

सोयाबीनची सोंगणी आणि पहिला कापूस एकाच वेळी आला की संध्याकाळी कुणाच्या अंगात त्राण उरत नाही. मीही शेतातच असते. त्या तीन-चार आठवड्यांत छापील भाग वाचनालयात ठेवते. लाईन गेली म्हणून मात्र वाचन कधी थांबवलं नाही. कंदील आहे.

मागचे भाग चुकले, आता कळेल का?

कळेल. सुरुवातीला एक मूल मागच्या भागाचा सार दोन वाक्यांत सांगतं. मुलं फार चांगलं सांगतात, मोठ्यांसारखं फाटे फोडत नाहीत.

आमच्या घरची गोष्ट घालाल का?

घटना घेईन, घर नाही. सासू-सुनेचं, भावाभावांचं जे तुम्ही विश्वासानं सांगता ते ओळखू येईल असं कधीच येणार नाही. दोनदा मी लिहिलेला भाग फाडून नवा लिहिला आहे, कारण वाचताना मलाच तो ओळखू आला.

मलाही अशी गोष्ट लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?

आधी जागा ठरवा, जिथून सगळ्यांना जावंच लागतं. माझा जिना आहे. तुमची विहीर असेल, बसथांबा असेल, जिनिंगचं फाटक असेल, जिथं कापसाच्या गाड्या रात्रभर रांगेत उभ्या असतात. मग तिथं न टळणारी एखादी सामायिक वस्तू द्या, जिच्यावाचून कुणाचंच चालत नाही. माणसं त्यानंतर. पाच पुरेत. आणि लिहून झालं की मोठ्यानं वाचा, घरातल्या कुणापुढे तरी. जिथं तुमची जीभ अडते तिथं वाक्य खोटं आहे, ते काढा.

एक नियम मी स्वतःसाठी कडक पाळते : ज्या माणसावर एका भागात लोक हसले, त्याला तीन भागांच्या आत असं काही करायला द्यायचं की त्याच्याबद्दल जीव वाटेल.

आजी गावात परत येते का?

हे मला दर शनिवारी विचारलं जातं आणि विचारणाऱ्यांचे दोन तट पडले आहेत. म्हाताऱ्या बायका म्हणतात, आता तिनं तिथंच राहावं, तिचं मन लागलं. पोरांना शहरात धाडलेले बाप म्हणतात, तिनं परत यावं. मी पुढचे आठ भाग लिहून ठेवले आहेत. त्यांत ती पोळ्यासाठी चार दिवस गावी येते, टबातल्या सांबाराला पाणी घालायचं काम पोस्टमास्तरांना सांगून. त्यापुढचं अजून लिहायचं आहे.

बाहेरगावचे आले तर चालते का?

चालतं. वर्गणी नाही. वाचनालयात सतरंज्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन बाकं. आर्वीहून येणारी शेवटची एसटी सातच्या आत पोचते, पण परतीची नाही. तेव्हा मुक्कामाच्या तयारीनं या. जेवण आणि झोपण्याची सोय कुणाच्या ना कुणाच्या घरी होते. आल्यावर फक्त सांगा, कितीजण आहात.